बीड ते शिरोळ: कोयत्याच्या वाटेवर पाच दिवस

दसरा उलटला की आमच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागायची. दिवाळीनंतर शाळा उघडली की तिसरा हिस्सा पोरं गायब. मला तिसरी-चौथीपर्यंत खरंच वाटायचं, की काही पोरांना दिवाळीची सुट्टी सहा महिन्यांची असते. हेवा वाटायचा त्यांचा. एप्रिलमध्ये ती उन्हानं काळवंडून परत यायची, बोलण्यात 'भावा', 'व्हय की' असले नवे शब्द घेऊन. मग पुढच्या वर्षी त्यातली काही यायचीच नाहीत.

आता मी बीडमध्ये बँकेत आहे. रविवारी पहाटे सायकल काढणाऱ्या आठ जणांची आमची टोळी आहे. टोळी हा शब्द जपून वापरायला हवा, कारण आमच्या जिल्ह्यात त्याचा अर्थ एकच, ऊसतोडीला जाणारा गट. यंदा जानेवारीत आम्ही ठरवलं, की ऊसतोडीचे ट्रक ज्या वाटेनं जातात त्याच वाटेनं सायकलीवर जायचं आणि त्या निमित्तानं पाटोदा तालुक्यातल्या एका शाळेच्या हंगामी वसतिगृहासाठी पैसे उभे करायचे. आई-बाप तोडीला गेल्यावर गावात मागं राहिलेल्या लेकरांना दोन वेळचं जेवण आणि अभ्यासाला जागा, एवढंच ते वसतिगृह. नाव मोठं आहे, पण बहुतेक पोरं झोपायला आजीकडंच जातात. सरकारी योजना आहे, शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. पण हंगाम सुरू होतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि अनुदान काही ट्रकच्या वेळापत्रकानं येत नाही. मधल्या महिन्यांत किराणा उधारीवर चालतो.

हिशोब किलोमीटरवर ठेवला होता. कुणी किलोमीटरला पाच रुपये लावले, कुणी दहा. माझ्या मेहुण्यानं दोन रुपये लावले आणि वर अट घातली की उतारावरचे किलोमीटर धरायचे नाहीत. आमचा नियम असा, की जमलेल्या पैशातला एक रुपयाही आमच्या चहाला लागणार नाही. एक जण फुकट टी-शर्ट द्यायला तयार होता, पण पाठीवर त्याचा स्वतःचा फोटो छापून. आम्ही आपापले जुने टी-शर्ट घातले.

पहिला दिवस: बीड ते जामखेड

पहाटे साडेपाचला बीड सोडलं. थंडी अशी की ब्रेकवरची बोटं आपली वाटेनात. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका. त्यांनी कोल्हापूरची गाडी अनेक वर्षं चालवली आहे आणि रस्त्यातला प्रत्येक गतिरोधक ते ओळखीच्या माणसासारखा सांगतात. मांजरसुंब्याच्या घाटात आम्ही सगळे धापा टाकत होतो तेव्हा ते मागून शांतपणे म्हणाले, "गाडी तापू देऊ नका. इथं मी ही चूक एकदाच केली होती." पॅनिअरमध्ये, म्हणजे सायकलच्या मागच्या पिशव्यांत, कपडे, ट्यूबा, पंप, आणि डॉक्टर मॅडमच्या सायकलवर औषधांची अख्खी पेटी. घाट चढून वर आलो, चहा झाला, आणि पाटोद्याच्या रस्त्याला वळलो.

लिंबागणेश मागं पडलं की बालाघाटचं खरं रूप दिसतं. चार बोटं माती, खाली मुरूम. उतारावर सीताफळाची झाडं, जानेवारीत पार निष्पर्ण. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं आम्हाला कौतुकही आहे, पण सीताफळावर घर वर्षभर चालत नाही. पाऊस पडला तर बाजरी, तूर, कापूस. नाही पडला तर उचल. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, हंगामाआधी जी आगाऊ रक्कम घ्यायची तिला उचल म्हणतात आणि ती ऊस तोडून फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता. या मोजमापातच सगळं आलं, कारण आई गेली नाही तर कोयता पुरा होत नाही.

साडेदहाला शाळेच्या गावात पोचलो. गल्लीत ओळीनं कुलपं. एका दाराला कुलूप नव्हतं, नुसती तार पिळलेली होती. ओट्यावर म्हातारी माणसं ऊन खात बसलेली, आणि मधून सायकली गेल्या तरी भुंकायचा कंटाळा आलेली कुत्री. शाळेत मात्र गलका. अठ्ठेचाळीस लेकरं, पहिली ते आठवी. सायकलीला गिअर किती, एवढी बारीक सीट कशी चालते, हॉर्न का नाही, आणि ड्रायव्हरकाकांकडं बघून, "हे आजोबा पण चालवतात का?" भाषण द्यायला म्हणून मी दोन कागद लिहून नेले होते. ते खिशातच राहिले, कारण भाकरी आणि वांग्याचं कालवण तयार होतं आणि पोरांना रांगेत बसून आमची वाट बघायची होती.

निघताना मुख्याध्यापकांनी हातात प्लास्टिकची पिशवी दिली. सतरा पत्रं. ज्यांचे आई-बाप तोडीला कोल्हापूरकडच्या शिरोळ तालुक्यात गेलेत त्या लेकरांची. मी म्हटलं, "सर, आता तर सगळ्यांकडं मोबाइल आहेत."

"आहेत की. पण फोनवर ही पोरं नुसतं 'हं, हं' करतात," सर म्हणाले. "शिवाय पत्रलेखन अभ्यासक्रमात आहे. एकदा खरं पत्र लिहू द्या."

चौथीतल्या एका मुलीनं पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं होतं. ते नीट चिकटलंय का हे तिनं माझ्यादेखत दाबून पाहिलं. मग म्हणाली, "मागचं पान कोरं ठेवलंय. त्याच्यावर उत्तर लिहून आणा."

दुपारनंतर सौताड्याजवळून गेलो. पावसाळ्यात इथं विंचरणा नदीचा धबधबा बघायला गर्दी असते. जानेवारीत नुसता कडा आणि माकडं. जामखेडला पोचलो तेव्हा अंधारत होतं. डॉक्टर मॅडमला इथं थांबायचंच होतं. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये इथं काम सुरू केलं, गावोगावच्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. जेवताना मॅडम त्याच विषयावर बोलत होत्या. मी मान डोलवत होतो, पण लक्ष मांड्यांकडं होतं.

दुसरा दिवस: जामखेड ते करमाळा

अंतर सगळ्यात कमी आणि वेळ सगळ्यात जास्त. कारण वेडी बाभूळ. कडेच्या झुडपांचे काटे रस्त्यावर सांडलेले, आणि आमच्यातला कॉलेजचा पोरगा सावलीसाठी नेमका कडेनं चालवणार. दुपारपर्यंत चार पंक्चर, त्यातली तीन त्याची. सायकल दुकानवाला आमच्याबरोबर होता म्हणून निभावलं. तिसऱ्या पंक्चरला त्यानं पोराच्या हातात टायर लिव्हर देऊन स्वतः डोळे मिटून घेतले.

सीना ओलांडली आणि पाण्याबरोबर ऊस दिसायला लागला. सकाळपासून करडं-पिवळं बघितलेल्या डोळ्यांना तो हिरवा रंग जरा अंगावरच आला. तोड चाललेल्या उसाच्या एका फडाच्या कडेला बैलांच्या टायरगाडीत मोळ्या रचणारा माणूस आमच्याकडं बघत होता. ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "कोणतं गाव?" गाव आष्टी तालुक्यातलं निघालं. पाच मिनिटांत पाऊसपाणी, बाजारभाव, कुणाकुणाची लग्नं झाली. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला जिल्ह्याबाहेर भेटायचं तर असंच, उसाच्या बांधावर.

करमाळ्यात कमळाभवानीच्या देवळाजवळची छप्पन्न पायऱ्यांची... नाही, शहाण्णव पायऱ्यांची विहीर. इथं सगळा शहाण्णवचा हिशोब आहे, म्हणतात देवळाचे खांबही शहाण्णव. मोजायला मी उतरलो नाही. त्या दिवशी गुडघे पायऱ्यांच्या विरोधात होते.

तिसरा दिवस: करमाळा ते पंढरपूर

या दिवसाबद्दल लिहायचं तर थोडं थांबून लिहावं लागेल.

उजनीच्या पाण्यानं ही सगळी पट्टी बदलली. भीमेवरचं हे धरण झालं आणि ज्या सोलापूरला आपण दुष्काळी म्हणून ओळखत होतो, तिथं साखर कारखान्यांची रांग लागली. टेंभुर्णीच्या बाजूला येईपर्यंत रस्ता उसाच्या वाहनांनी भरून गेला. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर दीड मजला ऊस, ड्रायव्हरच्या शेजारी स्पीकर, आणि मागं लाल दिव्याचा पत्ता नाही. सायकलवाल्याला ट्रॉली ओलांडताना उसाची पानं कानाला लागतात. अंधारात ही ट्रॉली उभी असली तर दिसतच नाही. दर हंगामात त्यावर दुचाकीवाले आदळून मरतात.

आमच्याकडं लाल रिफ्लेक्टर पट्टीची दोन रिळं होती, खरं तर स्वतःच्या पॅनिअरला लावायला. सायकल दुकानवाल्यानं टेंभुर्णीच्या अलीकडं एका चहाच्या टपरीवर उभ्या टायरगाड्यांना ती लावायला सुरुवात केली. बैल शांत होते, गाडीवानच बावरले. एकानं विचारलं, "किती पैसे?" फुकट आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग दोन पट्ट्या मारा." नऊ गाड्या झाल्या आणि रीळ संपलं.

तिथून पुढं करकंबच्या आधी एका फडापाशी पाणी भरायला थांबलो. बांधावर लिंबाच्या सावलीत एक नऊ-दहा वर्षांची मुलगी बसली होती, मांडीवर वर्षाचं पोर. बाजूला पालथ्या पाटीवर भाकरीचं फडकं. शाळेत जातेस का, हा मूर्ख प्रश्न मीच विचारला. ती म्हणाली, "जात होते. मग हा झाला."

आई मोळी डोक्यावर घेऊन गाडीकडं चालली होती. तीस-चाळीस किलोचं ओझं, आणि लाकडी फळीवरून ट्रॉलीत चढायचं. ती थांबली नाही, चालता चालताच म्हणाली, "ह्याला कोण बघणार, दादा? तुमच्या वसतिगृहात तान्ह्याला घेतात का?"

घेत नाहीत. आम्ही किलोमीटर मोजून जे पैसे जमवत होतो त्यानं चौथीतली, सहावीतली पोरं गावात राहत होती. पण ज्या घरात तान्हं आहे त्या घरातली थोरली मुलगी फडावर येणारच. तिथं आपल्या वसतिगृहाचं दार कितीही उघडं ठेवलं तरी ती आत येणार नाही. फडाजवळ पाळणाघर असेल तर येईल कदाचित. पंढरपूरला पोचेपर्यंत डॉक्टर मॅडम आणि माझं यावरून भांडण झालं. त्यांचं म्हणणं, अर्धे पैसे अशा पाळणाघरासाठी वळवावेत. माझं म्हणणं, लोकांनी पैसे वसतिगृहाला दिलेत, आपण मध्येच वाट बदलली तर पुढच्या वर्षी कुणी देणार नाही. बँकेत नोकरी करून माणूस असं बोलायला लागतो. त्या बरोबर होत्या आणि मीही चुकीचा नव्हतो, म्हणून भांडण मिटलं नाही.

पूल ओलांडून पंढरपुरात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. चंद्रभागेत पाणी बेताचंच. दर्शनाची रांग बघून ड्रायव्हरकाकांनी लांबूनच कळसाला हात जोडले. "माझं ऐंशी टक्के दर्शन कळसाचंच झालंय," ते म्हणाले. "गाडी स्टँडला लावून कुठं जाणार?" मठात झोपायला जागा मिळाली. शेजारी एक वारकरी आजोबा होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कनवटीचे पन्नास रुपये काढून दिले. पावती नको म्हणाले. मी दिली.

चौथा दिवस: पंढरपूर ते कवठेमहांकाळ

शंभरेक किलोमीटर, रुंद हायवे, आणि वारा पाठीशी. सायकलवाल्याला याहून जास्त काय हवं? सांगोल्याला डाळिंबाच्या बागा. दिवंगत गणपतराव देशमुखांचा हा मतदारसंघ, अकरा वेळा आमदार होऊनही एसटीनं फिरणारा माणूस. ड्रायव्हरकाकांना एसटीची ही गोष्ट सांगताना एवढा आनंद झाला की त्यांनी ती दोनदा सांगितली. जुनोनी, नागज, मग द्राक्षांचे मांडव आणि बेदाण्याची शेड. म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांच्या पाण्यानं इकडचाही दुष्काळ बराच हटलाय.

सांगोल्याच्या पुढं काकांचा डावा गुडघा सुजला. मागून येणाऱ्या टेम्पोत सायकल टाका म्हटलं तर ऐकेनात. "लोकांनी किलोमीटरला पैसे लावलेत. टेम्पोचे किलोमीटर कोण देणार?" त्यांनी शेवटचे वीस किलोमीटर एका पायावर काढले. डॉक्टर मॅडमनी रात्री पट्टी बांधताना त्यांना जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

झोपायच्या आधी हिशोब केला. पाचव्या दिवसाचे धरून एक लाख अडतीस हजार होत होते. मेहुण्याला मेसेज टाकला की घाट आम्ही चढलो, उतार तू धरू नकोस, तरी तुझे सहाशे निघतात.

पाचवा दिवस: कवठेमहांकाळ ते शिरोळ

मिरज लवकर गाठलं. अंकलीला कृष्णेच्या पुलावर दोन मिनिटं थांबलो. एवढं पाणी वाहताना बघितलं की आमच्याकडची माणसं नेहमीच थोडी गप्प होतात. जयसिंगपूर सोडलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. दुचाकीवरचे एक शेतकरी काही अंतर बरोबर आले. कुठनं आलात, कशासाठी, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "बीडासनं सायकलीवर? नादच केला की ओ." पुढच्या चौकात ते उसाच्या रसाचे आठ ग्लास सांगून उभे होते.

तोडकऱ्यांचा अड्डा, म्हणजे मुक्कामाचा तळ, कारखान्यापासून दोन किलोमीटरवर, मोकळ्या रानात. साठ-सत्तर कोपी, म्हणजे झोपड्या. बांबूच्या कामट्या, वर प्लास्टिकचे कागद, त्यावर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. बाहेर चुली, मोकळे बैल, दोरीवर वाळत घातलेले कपडे. दुपारी दोनला तिथं फक्त लहान पोरं आणि एक बाळंतीण. बाकी सगळे फडावर.

पहिल्यांदा भेटला मुकादम. हेल्मेट, चष्मे, रंगीत सायकली बघून त्याचा चेहरा आवळला. "फोटो काढू नका. मागं एक जण काढून गेला, मग आम्हाला ऑफिसात बोलावणं आलं." मी पत्रांची पिशवी पुढं केली, शाळेचं नाव सांगितलं. त्याला पटेना. मग ड्रायव्हरकाका लंगडत पुढं आले आणि दोघांचं नातं निघालं, काकांच्या मेव्हणीच्या दिराकडून. चहा आला.

संध्याकाळी सहानंतर माणसं यायला लागली. हात, मान, कपडे सगळं काळं आणि चिकट. एका म्हाताऱ्या तोडकऱ्यानं सगळी हकिकत ऐकली. "पाच दिवस लागले? आमचा ट्रक एका रात्रीत आणून टाकतो." मग जरा विचार करून म्हणाला, "एसटीनं आला असता तर परवाच पोचला असता. आणि तिकीट काढून उरलेले पैसे त्या लेकरांना झाले असते." सगळे हसले. मीही हसलो, पण हिशोबात त्याचं चूक नव्हतं. फरक एवढाच, की मी एसटीनं आलो असतो तर मेहुण्यानं किलोमीटरला दोन रुपये लावले नसते. माणसं पोराच्या जेवणाला पैसे देत नाहीत, दुसऱ्याच्या घामाला देतात. हे मला पाच दिवसांत कळलं आणि फारसं आवडलं नाही. कारण घामच मोजायचा तर तो समोर उभा होता. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर चौतीस टक्क्यांनी वाढला, तरी त्या घामाला कुणी किलोमीटरनं पैसे लावत नाही.

सतरातली चौदा पत्रं पोचली. तीन घरं दुसऱ्या टोळीबरोबर कर्नाटकाच्या हद्दीकडं गेली होती. ती पत्रं मुकादमानं ठेवून घेतली, देतो म्हणाला. कंदील, मोबाइलचे टॉर्च, आणि कॉलेजच्या पोराचा सायकलचा दिवा अशा उजेडात वाचन सुरू झालं. काहींनी स्वतः वाचली. बाकीच्यांसाठी आम्ही. सगळ्यांची सुरुवात एकसारखी, 'तीर्थरूप आईबाबांस साष्टांग नमस्कार', सरांनी फळ्यावर लिहून दिलेली. त्यानंतर फळा संपायचा आणि पोरगं सुरू व्हायचं. 'शेळीला दोन करडं झाली, एक पांढरं.' 'माझी चप्पल तुटली पण आजीनं तारेनं बांधली.' 'मला गणितात वीसपैकी अठरा. खरंच. सरांना विचारा.' 'दाद्या मला मारतो.' एका बापानं हे शेवटचं वाक्य तीनदा वाचून घेतलं आणि तिथूनच दाद्याला फोन लावला.

शितांचं पाकीट ज्या बाईचं निघालं ती भाकऱ्या थापत होती. हात पिठाचे, म्हणून तिनं पाकीट घेतलं नाही. "वाच की, भाऊ." मी वाचलं. आजी खोकते. मी रोज सकाळी घागर भरते. मला वर्गात दुसरा नंबर आहे, पहिला नंबर मुकादमाच्या पोराचा, पण तो विचारून लिहितो. संक्रांतीला तीळगूळ शाळेत मिळणार आहे. तू येताना मला काही आणू नकोस, नाहीतर आण, पण लाल आण.

तव्यावरची भाकरी फुगली, तिनं ती उलटली, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी पान उलटून दाखवलं. ते कोरं होतं. "उत्तर मागितलंय," मी म्हटलं. "तुम्ही सांगा, मी लिहितो."

तिनं हात पदराला पुसले आणि चुलीपासून जरा लांब, माझ्यासमोर येऊन बसली. बोलायला लागली ती थेट कामाचं. आजीच्या गोळ्या फळीवर डब्यात आहेत, रात्री एक द्यायची, दोन नाही. घागर अर्धीच भर, कंबर जाईल. शेळी सावकाराच्या रानात जाऊ देऊ नको. त्या मुकादमाच्या पोराच्या शेजारी बसू नको. मी भराभर लिहीत होतो. अर्धं पान भरलं तेव्हा ती थांबली, कागदाकडं बघितलं, माझ्या बोटाखालची मोकळी जागा निरखली.

"अजून किती मावतंय?" तिनं विचारलं.

आठ-दहा ओळी, मी म्हटलं.

"मग जरा बारीक लिही," ती म्हणाली, आणि मांडी ठोकून नीट बसली.